गॉब्निट: मधमाश्यांच्या आयरिश संताचं नाव – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे नाव म्हणायचं कसं?

गॉब्निट. पहिल्या अक्षरावर जोर, 'नि' ऱ्हस्व आणि घाईचा. आयर्लंडच्या दक्षिणेत काही जण 'गब्निट'च्या जवळ जाणारा उच्चार करतात, तोही चालतो. चालत नाही ते 'गोबनाइट' किंवा 'गोबनेट'. रोमन लिपीतलं स्पेलिंग (Gobnait) इंग्रजीच्या सवयीने वाचलं की हे दोन अवतार निघतात. शेवटच्या अक्षरात लिहिलेला 'ए' (a) हा स्वर उच्चारासाठी नसतोच. आधीचा 'न' जाड म्हणायचा, एवढंच सांगायला तो तिथे बसवलेला असतो. त्यापुढचा 'आय' (i) शेवटच्या 'ट'मध्ये किंचित 'य' मिसळतो.

हाक मारताना मात्र नाव पुढच्या बाजूने बदलतं. आपण 'देव'चं 'देवा' करतो, म्हणजे शेपूट बदलतो. आयरिश भाषा तोंड बदलते. आधी एक छोटा 'अ' येतो आणि 'ग'चा घशातून घासत निघणारा 'ग़' होतो: 'अ ग़ॉब्निट'. हा ध्वनी उर्दू गझला ऐकणाऱ्यांच्या ओळखीचा आहे. बाकीच्यांनी साधा 'ग' वापरला तरी कुणी रागावत नाही.

अर्थ काय?

'छोटी लोहारीण'. जुन्या आयरिशमध्ये लोहाराला 'गोबा' म्हणत, आजच्या आयरिशमध्ये 'गव्हा'च्या जवळचा शब्द आहे. त्याला '-निट' हा लाडाचा, लहानपणा दाखवणारा स्त्रीलिंगी प्रत्यय लागला. हा प्रत्यय एकट्या याच नावाला नाही. ब्लॉनिट म्हणजे छोटं फूल, कीर्निट म्हणजे सावळी पोर, डाव्निट म्हणजे हरिणी. पुरुषांच्या नावांत त्याच जागी '-आन' येतो. कीर्निटचा जोडीदार कीरन, ओर्निटचा ओरन. त्याच हिशेबाने गॉब्निटचा जोडीदार गोबान. आयरिश लोककथांमध्ये गोबान हा अफाट कारागीर आहे, कुठलंही बांधकाम त्याच्या नावावर खपवलं जातं.

मॅकगोवन हे आडनाव ऐकलं असेल, त्यातही हाच लोहार बसलेला आहे. अर्थ 'लोहाराचा मुलगा'.

'गोब' म्हणजे चोच ना? मग अर्थ 'चोचवाली' का नाही?

आयरिशमध्ये 'गोब' म्हणजे चोच किंवा तोंड हे खरं. इंग्रजी बोलीत तोंडाला जो असभ्य शब्द आहे तोही त्याच्याशी जोडला जातो. पण या नावाशी त्याचा संबंध नाही. संबंध नसला तरी त्रास आहेच. शाळेतल्या पोरांना व्युत्पत्ती कुठे कळते? गॉब्निट नावाच्या मुलीला 'तोंड मिट' म्हणून चिडवणं त्यांना आयतंच सापडतं. नाव मागे पडण्यात या चिडवण्याचा वाटा निश्चित असावा असं माझं मत.

संतबाईचं नाव लोहारकीवरून कसं?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो.

जुन्या आयर्लंडमध्ये लोहार हा निव्वळ कारागीर नव्हता. दगडातून धातू काढणारा माणूस म्हणजे थोडा मांत्रिकच. संत पॅट्रिकच्या नावाने चालत आलेली एक जुनी संरक्षक प्रार्थना आहे. तिच्यात 'स्त्रिया, लोहार आणि ड्रुइड (ख्रिस्ती धर्माआधीचे पुरोहित) यांच्या मंत्रांपासून' बचाव मागितला आहे. तिघं एका ओळीत! म्हणजे 'लोहारीण' हे नाव स्त्री आणि लोहार अशा दोन धास्त्या एकत्र बांधणारं.

आता जमिनीवर येऊ. काउंटी कॉर्कमध्ये बॅलीव्हर्नी नावाचं गाव आहे, गॉब्निटचं मुख्य ठिकाण. तिथे 'गॉब्निटचं घर' म्हणून दाखवला जाणारा गोल दगडी पाया आहे. 1951 साली पुरातत्त्वज्ञ एम. जे. ओकेली यांनी तो खणला. खाली जे निघालं ते मठाच्या शांत आयुष्याचं नव्हतं. लोखंड वितळवल्याच्या भट्ट्यांचे खड्डे, लोहकीट, मुशी असं लोहारकामाचं सामान होतं. दगडी घराच्याही आधी तिथे लाकडी बांधकाम होतं, त्याच्या खांबांचे खळगे सापडले.

यावरून गॉब्निट स्वतः घण मारत होती असं सिद्ध होत नाही. कदाचित लोहारांच्या वस्तीत मठ आला, कदाचित मठानेच लोहार बसवले. पण 'लोहारीण' नावाच्या संताच्या अंगणात भट्टी सापडावी, हा योगायोग म्हणून झटकून टाकणं मला तरी जड जातं.

म्हणजे ती मुळात लोहारांची देवता होती का?

असं म्हणणारे आहेत. आयरिश पुराणकथांमध्ये गोव्न्यू नावाचा लोहारदेव आहे. शस्त्रं घडवणारा, आणि देवांना बिअर पाजणाराही तोच. वेल्सच्या कथांत त्याचा भाऊबंद गोव्हानन. वेल्समधल्या अ‍ॅबरगव्हेनी शहराच्या जागी रोमनांचा किल्ला होता, त्याचं नाव गोबॅनियम. त्यातही लोहारकामाचा तोच धातू दिसतो. शब्दाचं हे कुटुंब मोठं आणि जुनं आहे.

पण शब्द एक म्हणून व्यक्ती एक, ही उडी फार लांबची. प्रत्येक आयरिश संतबाईच्या मागे एक बुजवलेली देवी शोधण्याची हौस गेल्या शतकापासून जोरात आहे, आणि त्यातलं बरंचसं कल्पनेवर उभं आहे. लोहाराच्या घरी जन्मलेल्या मुलीचं नाव गॉब्निट असू शकतं. याहून साधं स्पष्टीकरण कशाला हवं?

गॉब्निट नेमकी कोण होती?

परंपरा तिला साधारण सहाव्या शतकात ठेवते. तिचं स्वतंत्र मध्ययुगीन चरित्र उरलेलं नाही. संत अब्बानच्या चरित्रात तिचा उल्लेख येतो आणि जुन्या संतसूचींत 11 फेब्रुवारी या तारखेला तिचं नाव येतं. बाकी सारं लोकांच्या तोंडून आलेलं.

कथा अशी. तिचा जन्म काउंटी क्लेअरमधला. घरच्या वैरामुळे ती पळाली आणि इनिशीर या छोट्या बेटावर लपली. तिथे तिच्या नावाचं दगडी चर्च आजही उभं आहे, छप्पर गेलेलं. बेटावर देवदूत आला आणि म्हणाला, 'तुझी जागा ही नव्हे. जिथे नऊ पांढरी हरणं चरताना दिसतील तिथे थांब.' ती दक्षिणेकडे निघाली. क्लॉनड्रोहिडला तीन हरणं दिसली. बॅलीमकीराला सहा. बॅलीव्हर्नीच्या उतारावर नऊ, आणि तिथे ती थांबली. गंमत म्हणजे ही तिन्ही गावं एकमेकांपासून काही किलोमीटरवर आहेत. म्हणजे अख्खा प्रवास एका दिशेने आणि शेवटचा निर्णय जवळजवळ एका दुपारच्या चालीत. हा सगळा मुलूख मस्करी या जुन्या परगण्यातला. परगण्याचं नाव खरंच हे आहे, मी मस्करी करत नाही.

मधमाश्यांचा संबंध कुठे आला?

गॉब्निट ही मधमाश्यांची आणि मधपाळांची संत. गुरं चोरणारी टोळी गावावर आली, गाईबैल हाकत निघाली. गॉब्निटने पोळं उचललं आणि त्यांच्यावर सोडलं. मोहोळ उठलं म्हटल्यावर पुढचं सांगायला नको: चोर पळाले, गुरं परत आली. काही कथांत मधमाश्यांचे सैनिक होतात, काहींत पोळ्याचीच धातूची वस्तू होते. इथे पुन्हा लोहारकी डोकावते.

ही गोष्ट ज्या समाजात जन्मली तिथे मधमाश्या हा गंभीर विषय होता. सातव्या शतकातला 'बेख्ब्रेथा' नावाचा आयरिश कायदा फक्त मधमाश्यांवर आहे. शेजाऱ्याच्या शेतातल्या फुलांवर तुमच्या माश्या चरल्या तर मधात त्याचा वाटा किती, उडून गेलेला थवा कुणाचा, माशी चावली तर भरपाई काय, असल्या तपशिलांचा तो कायदा. त्यात काँगल नावाच्या राजाचा दाखला आहे. मधमाशीने त्याचा एक डोळा घालवला, आणि अंगात व्यंग आलं म्हणून 'तारा' या आयरिश राजपीठावरचं त्याचं सिंहासन गेलं. मेणबत्त्यांना मेण, गोडीला आणि जखमेला मध, पिण्याला मधाची दारू. हे सगळं पोळ्यातून यायचं.

मधमाश्या दिसतात कशा हे पाहायचं तर कॉर्क विद्यापीठाच्या होनन चॅपलमध्ये जावं. 1916 साली पवित्र केलेल्या या चॅपलच्या एकोणीस रंगीत काचेच्या खिडक्यांपैकी अकरा हॅरी क्लार्कच्या. गॉब्निटची खिडकी त्यातलीच. चेहरा एका बाजूने, फिकट, जवळजवळ कठोर. अंगावर गडद निळं वस्त्र. आणि माश्यांच्या तावडीतून सुटू पाहणारी घाबरी माणसं. संतांची चित्रं बहुतेक वेळा गोडगुळमुळीत असतात. हिच्याकडे पाहून मात्र वाटतं, गाय चोरायची हिंमत आपणही केली नसती.

'गॉब्निटचं माप' म्हणजे काय?

बॅलीव्हर्नीत गॉब्निटची तेराव्या शतकातली मानली जाणारी लाकडी मूर्ती आहे. वर्षभर ती जपून ठेवतात आणि 11 फेब्रुवारीला बाहेर काढतात. लोक सोबत फिती आणतात. फीत मूर्तीच्या उंचीभर लावायची, मग तिच्याभोवती गुंडाळायची. ही मापलेली फीत म्हणजे 'गॉब्निटचं माप'. घरी कुणी आजारी पडलं की दुखऱ्या जागी ती ठेवतात. गुरांसाठीही वापरत.

अ‍ॅबिगेल आणि डेबोरा ही गॉब्निटचीच नावं, हे खरं का?

मन्स्टर प्रांतात, विशेषतः कॉर्क आणि केरीमध्ये, बऱ्याचदा खरं. आणि या नावाची खरी कहाणी मला वाटतं इथेच आहे. गॉब्निट हे नाव मेलं नाही, झाकलं गेलं.

घरात आयरिश बोलली जायची. मुलीला सगळे गॉब्निट म्हणायचे. पण चर्चची वही लॅटिन किंवा इंग्रजीत, सरकारी नोंद इंग्रजीत, जमीनदाराचा कारकून इंग्रज वळणाचा. प्रत्येक आयरिश नावाला एक 'सभ्य' जोडनाव शोधलं जाई. अर्थ जुळो न जुळो, आवाज थोडासा जुळला तरी भागलं. गॉब्निटला अ‍ॅबिगेल मिळालं, त्याचं घरगुती रूप अ‍ॅबी. अ‍ॅबिगेलचा हिब्रू अर्थ वडिलांच्या आनंदाशी जोडलेला, लोहाराशी नव्हे. डेबोराची गोष्ट वेगळी. हिब्रूत डेबोरा म्हणजे मधमाशी. ही जोडी ज्याने लावली त्याला बायबलही येत होतं आणि गावची संतही माहीत होती. कुठे कुठे बार्बरासुद्धा सापडते. बोलीत गबी, वेबी अशी लाडाची रूपं.

परिणाम असा की कागदोपत्री पाहिलं तर एकोणिसाव्या शतकातल्या कॉर्कच्या खेड्यांत बायबलमधल्या अ‍ॅबिगेल आणि डेबोरांची गर्दी दिसते. शेतकरी कॅथलिक कुटुंबांना जुन्या करारातल्या बायकांचं एवढं वेड कुठून लागलं, असा प्रश्न परक्या वाचकाला पडतो. वेड वगैरे काही नव्हतं. त्या सगळ्या गॉब्निटच होत्या.

पूर्वजांच्या नोंदी शोधताना काय लक्षात ठेवायचं?

आयर्लंडमध्ये सगळ्यांच्या जन्माची सरकारी नोंद 1864 पासून सुरू झाली. त्याआधी चर्चच्या वह्यांवर भिस्त. 1922 च्या डब्लिनमधल्या आगीत जुन्या जनगणनांचा मोठा भाग जळाला, पण 1901 आणि 1911 च्या जनगणना पूर्ण आहेत आणि राष्ट्रीय अभिलेखागाराने त्या इंटरनेटवर फुकट ठेवल्या आहेत.

एकाच बाईचं नाव बाप्तिस्म्याच्या वहीत गोबिनेट, लग्नाच्या नोंदीत अ‍ॅबिगेल, जनगणनेत अ‍ॅबी आणि मुलाच्या जन्मदाखल्यावर आई म्हणून डेबोरा असू शकतं. तेव्हा चार वेगळ्या बायका समजून चार फांद्या काढू नका. नवऱ्याचं नाव, गाव आणि मुलांची वयं जुळतात का ते पाहा. आणखी एक खूण: पहिली मुलगी आईच्या आईच्या नावाने, दुसरी वडिलांच्या आईच्या नावाने, असा जुना रिवाज होता. नातीचं नाव अ‍ॅबी आणि आजीचं गॉब्निट दिसलं, तर बहुधा तुम्ही बरोबर घरात आहात.

हे नाव कुणा प्रसिद्ध व्यक्तीचं आहे का?

एक आहे, आणि तिचा धागा थेट भारतापर्यंत येतो. गॉब्निट नी व्रूदर. जन्माने अल्बिनिया ब्रॉड्रिक, 1861 साली इंग्लंडमधल्या उमराव घरात जन्मलेली. कॉर्कमध्ये त्यांच्या मोठ्या जमिनी. तिचा भाऊ सेंट जॉन ब्रॉड्रिक 1903 ते 1905 ब्रिटिश सरकारचा भारतमंत्री होता. बंगालच्या फाळणीला लंडनहून मंजुरी मिळाली ती त्याच्याच कारकिर्दीत, आणि किचनर विरुद्ध कर्झन या भांडणात तो कर्झनच्या बाजूने उभा राहिला नाही.

भाऊ साम्राज्य चालवत होता, बहीण उलट्या दिशेने निघाली. परिचारिकेचं शिक्षण घेतलं, केरीच्या किनाऱ्यावर कॅहरडॅनियलजवळ गरिबांसाठी रुग्णालय उभारायला घेतलं, आयरिश शिकली, रिपब्लिकन चळवळीत उतरली. यादवी युद्धाच्या काळात 1923 साली फ्री स्टेट या नव्या आयरिश सरकारच्या सैनिकांच्या गोळीने जखमी झाली, तुरुंगात गेली, उपोषण केलं. ब्रॉड्रिकचं आयरिश रूप तिने आडनाव म्हणून घेतलं ('नी' म्हणजे अमुक कुळाची मुलगी), आणि अल्बिनियाच्या जागी निवडलं गॉब्निट. उमराव बाईला हवं ते नाव घेता आलं असतं. पुराणातली राणी, कुठली तरी नाजूक राजकन्या. तिने कॉर्क-केरीच्या शेतकरणींचं नाव उचललं. 1955 साली ती गेली.

हे पुरुषाचंही नाव आहे का? मी एका विनोदी कार्यक्रमात ऐकलं होतं.

नाही, नाव बाईचंच. ऐंशीच्या दशकात फ्रँक केली या आयरिश विनोदी नटाने नाताळच्या भेटवस्तूंवर एक प्रहसनवजा रेकॉर्ड काढली, तिच्यातल्या वैतागलेल्या गृहस्थाचं नाव त्याने गॉब्निट ठेवलं. पुरुषाला हे नाव देणं हाच तिथला विनोद. आयर्लंडमध्ये आज चाळिशी-पन्नाशीच्या पुढच्या कित्येकांना नाव ऐकल्यावर आधी तोच आठवतो. बिचारी संत दुसरी.

मग आज हे नाव इतकं कमी का?

एक कारण वर आलंच, चिडवाचिडवी. दुसरं म्हणजे हे नाव कायम एका मुलखाचं राहिलं. संत ब्रिजिड साऱ्या देशाची, गॉब्निट मस्करी आणि केरीची. तिसरं कारण आवड. विसाव्या शतकात आयरिश नावं पुन्हा मानाने ठेवली जाऊ लागली तेव्हा लोकांनी उचलली ती ईफा, नीव, कीरा अशी मऊ, वाहती नावं. 'ग', 'ब', 'ट' असे तीन टणक आवाज असलेलं नाव आजीच्या काळातलं, चुलीपाशी बसलेलं वाटलं. आज ते मुख्यतः वयस्क बायकांचं, किंवा आयरिश बोलणाऱ्या घरांत आजीची आठवण म्हणून मधलं नाव.

आमच्या मुलीला हे नाव ठेवावं का?

आयर्लंडमध्ये राहणारी मराठी जोडपी क्वचित असं काही विचारतात, म्हणून सरळ उत्तर देतो. कॉर्क किंवा केरीशी तुमचं खरं नातं असेल, जोडीदार तिथला असेल, तर जरूर ठेवा. त्या भागातली आजी खूश होईल याची खात्री. लिहायला सोपं आहे. डोक्यावर तिरपी रेघ असलेलं एकही अक्षर यात नाही, त्यामुळे पासपोर्ट आणि विमानतिकीट यांत नाव वेगवेगळं छापून येण्याची कटकट टळते. आयरिश नावांत ही सोय सगळ्यांना नसते.

पण पुण्या-नाशिकच्या आजीला फोनवर नाव सांगाल तेव्हा पलीकडून 'काय? गोबी?' येणार, ही तयारी ठेवा. नुसतं वेगळं, कुणाकडे नसलेलं आयरिश नाव हवं म्हणून हे घेऊ नका. त्यासाठी ब्लॉनिट किंवा कीर्निट बरी. प्रत्यय तोच, अर्थ कळायला सोपा, चिडवायला अवघड.

देवनागरीत कसं लिहायचं?

गॉब्निट. जोडाक्षर नको असेल तर गॉबनिट. 'गोब्नेत' असं लिहिलेलं दिसतं ते टाळा.

त्या गावी जायचं तर काय पाहता येईल?

बॅलीव्हर्नी कॉर्क–किलार्नी रस्त्यावर, मॅक्रूमच्या पश्चिमेला. नवीन बाह्यवळण रस्त्याने गेलात तर गाव दिसणारच नाही, तेव्हा मुद्दाम आत वळावं लागतं. हा आयरिशभाषक पट्टा, पाट्याही आयरिशमध्ये. टेकडीवर जुनं पडकं चर्च, कब्रस्तान, गोल दगडी घर आणि विहीर. शेमस मर्फीने घडवलेली गॉब्निटची मूर्ती पोळ्यावर उभी आहे, पायाशी मधमाश्या कोरलेल्या.

लोक ठरलेल्या क्रमाने फेऱ्या घालतात. प्रत्येक थांब्यावर प्रार्थना म्हणायची आणि खड्याने दगडावर क्रूस ओढायचा. पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी ओढून रेघा खोल खोबणी झाल्या आहेत, बोट घातलं तर कळतं. चर्चच्या भिंतीत एक गुळगुळीत दगडी गोळाही आहे. शत्रूवर गॉब्निट तोच फेकायची आणि तो परत तिच्या हातात यायचा, असं सांगतात. 1601 साली पोप आठवा क्लेमेंट याने इथल्या यात्रेकरूंसाठी खास पापमुक्ती जाहीर केली होती. पुढच्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी ओ'सलिवन बेअर हा आयरिश सरदार इंग्रजांकडून पराभूत होऊन सुमारे हजार माणसांसह उत्तरेला निघाला, तेव्हा वाटेत तो इथे थांबला आणि प्रार्थना करून पुढे गेला. लीट्रिमला पोचले ते पस्तीस.

जायचं तर 11 फेब्रुवारीला जा, फीत सोबत न्या, आणि पावसाचे बूट घाला. फेब्रुवारीत ती टेकडी चिखलाची असते.